रविवारची राजकीय चर्चा: आधी प्रश्न, मग पाहुणे

शनिवारी दुपारी हमखास असा एखादा फोन येतो. पलीकडे जिल्ह्याच्या केबल चॅनलचा किंवा नव्या वृत्तवाहिनीचा तरुण प्रोड्युसर असतो. ‘चारही पाहुणे मिळालेत, उद्या सकाळी शूट आहे. विषय काय ठेवू?’ मला खरंच वाईट वाटतं. त्या मुलाने आठवडाभर फोन करकरून पाहुणे जमवलेले असतात आणि कार्यक्रम नेमका तिथेच बिघडलेला असतो. रोजच्या रात्रीच्या डिबेटला हे चालून जातं, कारण दिवसभराची बातमीच विषय ठरवते. रविवारी तसं नसतं. प्रेक्षक निवांत बसलेला असतो आणि आठवडाभर ऐकलेलं पुन्हा ऐकायची त्याची तयारी नसते.

खालचा क्रम एका तासाच्या, रविवारी दाखवल्या जाणाऱ्या कार्यक्रमासाठी आहे. कार्यक्रम अर्ध्या तासाचा असेल तर पाहुणे दोनच ठेवा, क्रम बदलू नका.

टप्पा १, मंगळवार: विषय नको, प्रश्न लिहा

‘लाडकी बहीण योजना: वरदान की बोजा?’ हा प्रश्न नाही, बॅनर आहे. यावर सत्ताधारी प्रवक्त्याचं भाषण तोंडपाठ असतं, विरोधकाचंही असतं. दोघं आपापलं म्हणून घरी जातात.

याच योजनेवर खरा प्रश्न असा बनतो. योजना २०२४ मध्ये आली, पात्र महिलेला दरमहा १५०० रुपये. मे २०२५ मध्ये सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी आपल्या खात्याचा निधी या योजनेकडे वळवल्याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. आदिवासी विकास खात्याच्या निधीबद्दलही हाच आक्षेप होता. मग प्रश्न लिहायचा: ‘निधी वळवल्यामुळे या दोन खात्यांच्या कोणत्या योजना अडल्या, आणि तो पैसा परत कधी मिळणार?’

आता बघा, पाहुणे कोण हवेत ते प्रश्नच सांगतो. सत्ताधारी पक्षातला अर्थसंकल्प कळणारा आमदार हवा. विरोधी पक्षातला त्या खात्याच्या अर्थसंकल्पी मागण्यांवर सभागृहात बोललेला सदस्य हवा. राज्याच्या अर्थकारणावर लिहिणारा कुणीतरी हवा. आणि नंदुरबार किंवा गडचिरोलीतून आश्रमशाळा, वसतिगृहांचं काम जवळून पाहणारा माणूस हवा.

प्रश्न कागदावर एका वाक्यात बसला पाहिजे. बसत नसेल तर तुमच्या डोक्यात अजून विषयच आहे. बुधवारची सकाळ गेली तरी चालेल, पण प्रश्नाशिवाय एकही फोन लावू नका.

*तपासा:* या प्रश्नाचं उत्तर देणं कुणाची जबाबदारी आहे, हे बोट ठेवून सांगता येतं का? उत्तरात तारीख, आकडा किंवा नाव यावं लागतं का? मधल्या चार दिवसांत सरकारने एखादा निर्णय घेतला तरी प्रश्न टिकतो का? तिन्हीला ‘हो’ आलं की पुढे जा.

टप्पा २, बुधवार: एक पानाचा कागद

मोठमोठ्या फायली तयार करून अँकरच्या हातात देऊ नका. तो वाचत नाही, आणि वाचलं तरी कॅमेऱ्यासमोर पान सापडत नाही. एकच पान. त्यावर पाच ते सहा आकडे, प्रत्येकासमोर तो कुठून घेतला ते, आणि तारीख. शिवाय पाहुण्यांपैकी कुणी याच प्रश्नावर आधी काय बोललं होतं, त्याच्या दोन-तीन ओळी.

आकडे घ्यायचे ते मूळ ठिकाणाहून: अर्थसंकल्पाची पुस्तकं, राज्याची आर्थिक पाहणी, कॅगचे अहवाल, विधिमंडळातली प्रश्नोत्तरं, शासन निर्णय. उमेदवाराची मालमत्ता किंवा गुन्हे हा मुद्दा असेल तर त्याने निवडणुकीत दाखल केलेलं शपथपत्र. वर्तमानपत्रातलं कात्रण हा माग आहे, पुरावा नाही. त्याच्या आधाराने मूळ कागदापर्यंत जायचं.

शासन निर्णयाच्या बाबतीत सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून इथे जरा थांबतो. लाडकी बहीणचाच पहिला जीआर २८ जून २०२४ चा. त्यात वयाची अट २१ ते ६० होती. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात ती ६५ पर्यंत वाढवली आणि पाच एकर जमिनीची अट काढून टाकली. पहिला जीआर उतरवून घेतलेल्या माणसाने कार्यक्रमात ‘साठीच्या पुढच्या बायकांना वगळलं’ असं म्हटलं, की समोरचा प्रवक्ता हसून सुधारित जीआर वाचून दाखवतो आणि उरलेला तास तुमचा प्रश्न कुणी गांभीर्याने घेत नाही. प्रत्येक शासन निर्णयावर सांकेतांक असतो, तो कागदावर लिहा. त्यानंतरचे सुधारित निर्णय आणि शुद्धिपत्रकं निघाली आहेत का, ते त्याच विभागाच्या यादीत खालून वर बघत या.

*इशारा:* ‘मंजूर’, ‘वितरित’ आणि ‘खर्च’ हे तीन वेगळे आकडे असतात. मंत्री मंजूर रक्कम सांगतो, विरोधक खर्चाची सांगतो, दोघंही खरं बोलत असतात आणि प्रेक्षकाला वाटतं की कुणीतरी खोटं बोलतंय. कोणता आकडा कोणता, हे ग्राफिक्स प्लेटवर शब्दांत लिहा.

टप्पा ३, गुरुवार: पाहुणे

चारच्या वर जाऊ नका. त्यामागचं गणित पुढच्या टप्प्यात आहे.

पक्षाच्या माध्यम विभागाला ‘एक प्रवक्ता द्या’ असं सांगितलं, की मोकळा असेल तो येतो. नाव घेऊन मागा, आणि का हवेत तेही सांगा: ‘साहेबांनी या खात्याच्या मागण्यांवर सभागृहात भाषण केलं होतं, म्हणून तेच हवेत.’ नाव मागितल्यावर नकार येईल, तारखा जुळणार नाहीत, पण दहापैकी चार वेळा तरी नेमका माणूस मिळतो.

फोनवर ठरलं की लगेच मेसेज पाठवा. त्यात प्रश्न जसाच्या तसा, बाकीच्या पाहुण्यांची नावं, रेकॉर्डिंग की लाइव्ह, कधी पोहोचायचं आणि कधी सुटणार, एवढं असावं. बाकीची नावं लपवून पाहुणा आणण्याची एक वाईट खोड आपल्याकडे आहे. समोर कोण आहे ते स्टुडिओत कळलं की माणूस चिडतो, आणि ती चीड सगळी प्रेक्षकाच्या वाट्याला येते.

‘राजकीय विश्लेषक’ या शब्दाबद्दल मी फार आग्रही आहे. ज्याने गेल्या निवडणुकीत एखाद्या पक्षाचा प्रचार केला, जो महामंडळावर नेमलेला आहे किंवा एखाद्या नेत्याचं काम बघतो, त्याला विश्लेषक म्हणून बसवणं ही प्रेक्षकाची फसवणूक आहे. तो येऊ दे, जरूर बोलू दे, पण ओळख करून देताना ते नातं सांगा. विचारायला संकोच वाटतो, मान्य. तरी विचाराच.

आणि चौथी खुर्ची मुंबई-पुण्याबाहेरच्या माणसासाठी राखा. तो व्हिडिओ कॉलवर येईल, चित्र जरा फुटेल, चालेल. निर्णयाचा परिणाम जिथे दिसतो तिथला माणूस बोलायला लागला, की प्रवक्त्यांचा आवाज आपोआप खाली येतो. हे मी कितीतरी वेळा पाहिलंय.

*तपासा:* चारही नावांसमोर ‘हा नसेल तर काय अडेल?’ याचं उत्तर लिहा. एखाद्यासमोर काही सुचलं नाही, तर ती खुर्ची रिकामी ठेवली तरी चालेल.

टप्पा ४, शुक्रवार: रनडाउन, म्हणजे मिनिटांचा आराखडा

एका तासात जाहिराती आणि वाहिनीची स्वतःची प्रसिद्धी मिळून १२ मिनिटांच्या वर जाऊ नयेत, असा केबल टीव्हीच्या नियमांचा दंडक आहे. उरली ४८ मिनिटं. अर्ध्यात हेडलाइन्सची २ गेली, ४६ राहिली. प्रस्तावना, पॅकेज (आधी तयार केलेली छोटी चित्रफीत), बाइट (लोकांच्या बोलण्याचे रेकॉर्ड केलेले तुकडे) आणि अँकरचे प्रश्न यांना १२ ते १४ लागतात. म्हणजे पाहुण्यांना मिळून ३२ ते ३४ मिनिटं. चार जणांत प्रत्येकी ८ मिनिटं येतात. सहा जण बसवले तर साडेपाचसुद्धा धड येत नाहीत, आणि तीही तुकड्यातुकड्यांत. माणूस ओरडतो तो बऱ्याचदा स्वभावामुळे नाही, वेळ पुरत नाही म्हणून.

चार भाग करा: १४, १२, ११ आणि ९ मिनिटांचे. पहिला भाग सगळ्यात लांब ठेवतात, कारण प्रश्न तिथे मांडायचा असतो. प्रस्तावना पाऊण मिनिटात संपवा. पॅकेज दोन मिनिटांच्या आत, आणि त्यात भाष्य नको, फक्त घटनाक्रम आणि आकडे. दुसऱ्या भागात जिल्ह्यातला पाहुणा, तिसऱ्यात प्रवक्त्यांची आपसातली उलटतपासणी. चौथ्यात मूळ प्रश्नाकडे परत यायचं आणि प्रत्येकाकडून एक नेमकं उत्तर घ्यायचं. ‘शेवटच्या तीस सेकंदांत थोडक्यात काय सांगाल’ हे वाक्य सोडून द्या. त्यावर फक्त घोषणा मिळतात.

पहिला प्रश्न कुणाला, यावर पुढचं सगळं ठरतं. बहुतेक ठिकाणी तो विरोधकाला विचारतात, कारण आरोपाने कार्यक्रमाला जोर येतो असं वाटतं. होतं काय, की सत्ताधारी मग प्रश्नाला उत्तर देतच नाही. तो विरोधकाला उत्तर देतो, ‘तुमच्या काळात काय होतं’ इथून सुरुवात करतो आणि दहा मिनिटं गेल्यावर कार्यक्रम भूतकाळात अडकतो. ज्याच्या हातात निर्णय आहे त्याला पहिला प्रश्न, नंतर अभ्यासकाला, मग विरोधकाला. विरोधकाचा वेळ यात कमी होत नाही, उलट त्याला पकडायला समोरचं उत्तर मिळतं.

अँकरच्या कार्डावर पहिल्या प्रश्नाखाली तीन पोटप्रश्न लिहून द्या. ‘आकडा दिला तर: कोणत्या महिन्यापर्यंतचा?’ ‘मागच्या सरकारवर गेला तर: या वर्षीच्या तरतुदीबद्दल विचारतोय.’ ‘माहिती घेऊन सांगतो म्हणाला तर: कधीपर्यंत?’ एवढ्या तीन ओळींनी अँकरचा हात भरून राहतो.

*इशारा:* एका वाक्यात दोन प्रश्न विचारलेत तर पाहुणा सोपा निवडतो. आणि ‘याकडे तुम्ही कसं पाहता?’ हा प्रश्नच नव्हे.

टप्पा ५: कॅमेरा सुरू होण्याआधीचा अर्धा तास

नावांच्या पट्ट्या, म्हणजे ॲस्टन, स्वतःच्या डोळ्यांनी तपासा. पूर्वी मी एका वाहिनीत होतो तेव्हा एका पाहुण्याने आठ दिवसांपूर्वीच पक्ष बदलला होता, आणि ग्राफिक्सवाल्याने जुन्याच फाइलमधली पट्टी उचलली. ब्रेकमध्ये त्या गृहस्थांनी समोरच्या मॉनिटरवर आपल्या नावाखाली जुना पक्ष पाहिला. काही न बोलता त्यांनी लॅपल माईक काढून टेबलावर ठेवला आणि निघून गेले. उरलेले दोन भाग त्या रिकाम्या खुर्चीवरून कॅमेरा टाळत काढावे लागले. पट्टी मीच मंजूर केली होती. तेव्हापासून पट्ट्यांची छापील प्रत प्रत्येक पाहुण्याला मेकअपच्या खोलीत दाखवून त्यावर खूण करून घेतो.

महाराष्ट्रात हे आणखी नाजूक आहे. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ ला शिवसेनेबाबत आणि ६ फेब्रुवारी २०२४ ला राष्ट्रवादीबाबत निर्णय दिल्यानंतर पक्षांची अधिकृत नावं बदलली. एका प्रवक्त्याला अधिकृत पक्षनाव आणि दुसऱ्याला ‘गट’, असं अजिबात करू नका. आयोगाकडे आज जे नाव नोंदलेलं आहे तेच सगळ्यांना लावा. जागा कमी पडते म्हणून कुणाचं नाव छाटू नका, अक्षर लहान करा.

पाहुण्यांना एकत्र बसवून नियम सांगा, तेही अँकरने, प्रोड्युसरने नव्हे. पहिलं उत्तर दीड मिनिटापर्यंत, त्यात कुणी तोडणार नाही. दोघं एकदम बोलायला लागले आणि दहा सेकंदांत थांबले नाहीत, तर पीसीआरमधून, म्हणजे नियंत्रण कक्षातून, दोघांचेही माईक खाली जातील. ‘दोघांचेही’ हा शब्द महत्त्वाचा. एकाचाच आवाज बंद केला तर ती बाजू घेणं झालं, आणि प्रेक्षकाला ते बरोबर कळतं.

व्हिडिओ कॉलवरच्या पाहुण्याची कनेक्शन चाचणी वीस मिनिटं आधी घ्या, त्याच खोलीत, त्याच फोनवर. त्याच्यापर्यंत आवाज एक-दोन सेकंद उशिरा पोहोचतो. म्हणून अँकरने आधी त्याचं नाव घ्यायचं, क्षणभर थांबायचं, मग प्रश्न विचारायचा. नाव शेवटी घेतलं की तो ‘मला विचारताय का?’ म्हणतो आणि तेवढ्यात स्टुडिओतला कुणीतरी बोलायला लागतो.

टप्पा ६: चर्चा चालवताना

टॉकबॅकवर, म्हणजे अँकरच्या कानात, एकच माणूस बोलला पाहिजे. प्रोड्युसर, संपादक आणि डेस्क असे तिघं टॉकबॅकवर आले की अँकर पाहुण्याचं ऐकणं बंद करतो. हे पडद्यावर स्पष्ट दिसतं: पाहुणा महत्त्वाचं काही सांगून जातो आणि अँकर कार्डावरचा पुढचा प्रश्न विचारतो. प्रोड्युसरनेही लांब वाक्यं बोलू नयेत. ‘आकडा विचार’, ‘नंदुरबार’, ‘दोन मिनिटं’ एवढं बास.

प्रश्न टाळला गेला तर तोच प्रश्न त्याच शब्दांत, आवाज न चढवता दुसऱ्यांदा विचारा. तरी टाळला तर प्रेक्षकांना सांगा: ‘या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नाही, आपण पुढे जातोय.’ तिसऱ्यांदा विचारू नका, त्यात फक्त अँकरचा अहंकार दिसतो.

पाहुण्याने कागदावर नसलेला आकडा फेकला तर तो खोडूही नका, स्वीकारूही नका. कुठला आहे ते विचारा, ब्रेकमध्ये डेस्ककडून तपासून घ्या आणि परत आल्यावर काय सापडलं ते सांगा. ही सवय लागली की पाहुणे पुढच्या वेळी कागद घेऊन येतात.

*इशारा:* लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड होईल असं काहीही पडद्यावर येता कामा नये. फक्त नाव नव्हे, गावातलं घर, नातेवाइकाचं नाव, शाळा, यातलं काहीच नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आणि पोक्सोचं कलम २३ यासाठी आहे. पाहुणे भावनेच्या भरात नाव घेतात. म्हणून असा विषय शक्यतो लाइव्ह करू नका.

टप्पा ७: शनिवार रात्र, पुन्हा एकदा

शुक्रवारी रेकॉर्ड करून रविवारी दाखवण्यात मोठी जोखीम आहे, आणि आपल्या राज्याने ती दोनदा ठळकपणे दाखवली. २३ नोव्हेंबर २०१९ ला सकाळीच राजभवनात शपथविधी झाला, तो वार शनिवार. २ जुलै २०२३ ला अजित पवार उपमुख्यमंत्री झाले, तो वार रविवार. त्या दिवशी आदल्या रेकॉर्डिंगमधला ‘विरोधी पक्षनेते’ हा एक शब्दसुद्धा चुकीचा ठरला असता. म्हणून शनिवारी रात्री एकाने पूर्ण कार्यक्रम बघायचा आणि दोनच गोष्टी तपासायच्या: कुणाचं पद बदललं का, आणि कुठलं वाक्य शिळं झालं का. गरज पडली तर अँकरची नवीन प्रस्तावना रेकॉर्ड करा आणि कार्यक्रम कोणत्या दिवशी रेकॉर्ड केला ते कोपऱ्यात लिहा.

निवडणुकीत वेगळंच संकट असतं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास त्या मतदान क्षेत्रात टीव्हीवर निवडणुकीवर प्रभाव टाकणारा मजकूर दाखवता येत नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंतची आहे. आता कॅलेंडर बघा. मुंबईत २० मे २०२४ ला मतदान होतं, सोमवारी. २१ ऑक्टोबर २०१९ ची विधानसभाही सोमवारीच. सोमवारी संध्याकाळी सहाला मतदान संपणार असेल, तर शनिवारी संध्याकाळी सहापासून बंदी सुरू होते आणि रविवारचा अख्खा कार्यक्रम त्यात येतो. पॅनलवरच्या कुणी कुठल्या पक्षाला किंवा उमेदवाराला फायदा वा तोटा होईल असं बोलू नये, असं आयोग वाहिन्यांना दरवेळी बजावतो. अशा रविवारी मतदार यादी, मतदानाची प्रक्रिया, ओळखपत्रं यावर कार्यक्रम करा, प्रवक्ते बोलावू नका. एक्झिट पोलवरची कलम १२६अ ची बंदी वेगळी असते. ती शेवटच्या टप्प्याचं मतदान संपल्यानंतर अर्ध्या तासापर्यंत लागू राहते.

*तपासा:* काटछाट करताना प्रश्न आणि त्याचं उत्तर ही जोडी फोडलेली नाही ना? कापायचं असेल तर दोन्ही कापा. मोबाइलसाठी छोटी क्लिप काढतानाही प्रश्न ऐकू आला पाहिजे.

टप्पा ८: सोमवार

पूर्ण रेकॉर्डिंग, न कापलेलं, नीट नाव घालून ठेवा. दाखवलेला मजकूर वाहिन्यांनी ९० दिवस जपून ठेवायचा असतो. पाहुण्याची किंवा प्रेक्षकाची तक्रार आली तर लेखी पोच द्या आणि मूळ कागद काढून बसा. चूक आपली असेल तर पुढच्या रविवारी सुरुवातीलाच दुरुस्ती सांगा, शेवटी श्रेयनामावलीच्या आधी पुटपुटू नका.

मग वही उघडा. ‘माहिती घेऊन सांगतो’ असं कोण म्हणालं होतं, कुणी कागद पाठवतो म्हटलं होतं, त्यांची नावं आणि तारखा तिथे असायला हव्यात. त्यांना आजच फोन लावा. गुरुवारपर्यंत उत्तर आलं नाही तर पुन्हा लावा, आणि रविवारी प्रस्तावनेच्या आधी अँकरला ती दोन वाक्यं वाचू द्या: काय विचारलं होतं, आणि काय आलं.